कापडावरची एक वीत

नसरीनचा फोन आला तेव्हा मी जैनाबादला होतो. तापीपलीकडच्या एका स्नेह्यांनी केळीच्या बागेला लागून नवे घर बांधले होते आणि त्यांच्या वास्तुशांतीच्या पंगतीत मी नुकताच पानावर बसलो होतो. नसरीन फोनवर आधी सलाम करते, मग घरातल्या प्रत्येकाची विचारपूस करते आणि त्यानंतर कामाचे बोलते. त्या दुपारी यातले काहीच झाले नाही. "काका, मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि परत बसल्या... तुम्ही निघा," एवढेच ती म्हणाली. यजमानांना काय सांगून मी उठलो ते आता आठवत नाही. पूल ओलांडताना नदीकडे पाहिल्याचे मात्र आठवते. मी दवाखान्यात पोहोचलो तोवर सुमनवहिनी गेल्या होत्या. नसरीन बाहेरच्या बाकावर त्यांचा चष्मा हातात घेऊन बसली होती.

याला आता दीड महिना होऊन गेला. भेटायला आलेल्या बहुतेकांनी वहिनींचे वर्णन प्रेमळ, सोशीक, शांत अशा शब्दांत केले. मी मान डोलावत राहिलो. पण ते ऐकताना त्यांच्यावर अन्याय होतो आहे असे वाटत होते. सोशीक आणि शांत असलोच तर मी आहे, आणि त्याचा मला फारसा अभिमान नाही. वहिनी तशा नव्हत्या. आमच्या गावातल्या शनवाऱ्याजवळच्या मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवले होते आणि घरी, बाजारात, कारखान्यात सगळीकडे त्या वर्गात बोलल्यासारख्याच बोलत. आपले चुकले असे मान्य करताना मी त्यांना क्वचितच पाहिले. त्यांचे फार वेळा चुकतही नसे, ही त्यातली अवघड गोष्ट होती.

माझे थोरले बंधू, ज्यांना सगळे दादा म्हणत, अचानक गेले आणि वहिनींनी शाळेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली. गावातल्याच लालबागच्या बाजूला आमचा यंत्रमागांचा कारखाना आहे. वडिलांनी तो उभा केला, दादांनी त्याची कंपनी केली. आम्ही कोरे सुती कापड विणतो. छपाई करणारे ते आमच्याकडून घेतात आणि त्यावर आपले ठसे उठवतात. तेराव्यानंतरच्या सोमवारी वहिनी दादांच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, मला कापडातलं काही कळत नाही. तुम्हाला माणसांना नाही म्हणता येत नाही. दोघं मिळून एक माणूस होऊ." मी हसलो. पुढे लक्षात आले की त्या मुळीच गंमत करत नव्हत्या.

कंपनीची वेबसाईट दादांनी मोठ्या शहरातल्या कुणाकडून तरी करून घेतली होती. ती कशी बंद पडली, हे आमच्या घरची रीत माहीत असल्याशिवाय कळणार नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने आलेले टपाल आमच्याकडे वर्षभर उघडत नाहीत. ते त्याच्या फोटोपुढे ठेवतात. वडिलांच्या वेळी तसेच केले होते. दादांच्या ईमेललाही त्यामुळे कुणी हात लावला नाही. वेबसाईटच्या पत्त्याचे नूतनीकरण करा, अशी सूचना त्याच पेटीत पुन्हा पुन्हा येत राहिली आणि आम्ही आदराने ती न उघडता ठेवून दिली. पत्ता सुटला आणि दुसऱ्याच कुणीतरी उचलला. आम्हाला हे कळले ते जयपूरच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या फोनमुळे. "सेठजी, कपडा छोड के जुआघर खोल लिया क्या?" ते हसत हसत विचारत होते. आमच्या कंपनीच्या पत्त्यावर आता पत्त्यांचे डाव रंगत होते.

मला त्यात फारसे काही वाटले नाही, हे खरे तेच लिहायला हवे. आपले गिऱ्हाईक आपल्याला नावाने ओळखते, फोनवर माल मागते. पडद्यावर आपल्याला कोण बघायला येणार, असे मी वहिनींना म्हणालो. नव्या गोष्टीला आधी नकार द्यायचा आणि मागाहून हळूच तिच्या मागे जायचे, हा माझा स्वभाव आहे. पण ती वर्षेच वेगळी होती. सगळ्या देशाचा बाजार एका करात आणि एका पडद्यावर येऊ लागला होता. ज्या छपाईवाल्यांच्या मागणीवर आमचे निम्मे माग चालत, त्यांचा माल परदेशात जाई आणि तिकडच्या खरेदीदारांना आता कापड कुठे, कोण विणते, हे स्वतः पाहायचे होते. जयपूरच्या त्या व्यापाऱ्याने स्पष्टच सांगितले, हंगाम सुरू होण्याआधी तुमची पाहण्याजोगी वेबसाईट नसेल, तर छपाईवाले विणणारा म्हणून दुसऱ्याचे नाव घालतील. ती मागणी गेली असती तर निम्मे माग थांबले असते, आणि माग थांबले की आमच्या गावातले विणकर भिवंडीची गाडी धरतात. एकदा गेलेली घरे परत येत नाहीत.

नसरीन ही वहिनींची विद्यार्थिनी. इंदूरला शिकून आलेली, शनवाऱ्यात संगणकाचे वर्ग चालवणारी, चार ठिकाणच्या वेबसाईट सांभाळणारी. वहिनींनी तिला बोलावले तेव्हा तिने वही उघडून पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, जुन्या साईटमधलं काय काय ठेवायचं?"

"जुनं काही उरलंच नाही ना?"

"नाही. सगळं शून्यातून बनवावं लागेल."

"मग बरंच झालं की," वहिनी म्हणाल्या. "शून्याची मला सवय आहे. तुझ्या पेपरात पाहिलेत मी."

नसरीन इतक्या मोकळेपणाने हसली की ते काम तिथेच ठरले.

त्यानंतरचे दिवस मला आज फार श्रीमंत वाटतात. वहिनी वेबसाईटला 'ओसरी' म्हणत. परका माणूस आधी ओसरीवर येतो, पाणी पितो, घर कसे आहे याचा अंदाज घेतो आणि मग आत यायचे की नाही ते ठरवतो; तेव्हा ओसरी नीट हवी, असे त्यांचे म्हणणे. नसरीनने नमुन्यादाखल एक पान करून आणले. त्यावर कोट घातलेली काही गोरी माणसे हस्तांदोलन करत होती. मला ते भारदस्त वाटले. वहिनींनी चष्मा नाकावर खाली घेतला.

"हे कोण?"

"मॅडम, हे तर असेच... सगळ्यांच्या साईटवर असतात."

"आपल्याकडे कधी आले होते? भाऊजी, तुम्ही चहा पाजला का यांना?"

ती माणसे पानावरून गेली आणि आपल्याच कारखान्याचे, आपल्याच माणसांचे फोटो घ्यायचे ठरले. आदल्या दिवशी वहिनींनी सगळ्यांना कळवले, आणि दुसऱ्या दिवशी सगळे विणकर ईदचे कपडे घालून हजर! कुणी अत्तर लावले होते, कुणी केसांना ताजी मेंदी. मागांवरची कापसाची धूळ रात्रपाळीने पुसून काढली होती, आणि लखलखते माग थांबवून त्यांच्यापुढे माणसे वरातीला निघाल्यासारखी उभी होती. अन्वरभाई आमच्याकडे कापडाची मोजणी आणि घड्या घालण्याचे काम पाहतात. वडिलांच्या वेळेपासून आहेत. ते तर डोक्यावर फेटा बांधून आले होते. नसरीनला हसू आवरेना. वहिनींनी मात्र प्रत्येकाजवळ जाऊन कपड्यांचे कौतुक केले, सगळ्यांचा एक फोटो काढून घेतला आणि म्हणाल्या, "हा फोटो आपल्या ऑफिसात लागेल. साईटसाठी उद्या परत काढू. रोजच्या कपड्यात आणि माग चालू ठेवून."

"मॅडम, उसमें तो बनियान होता है," अन्वरभाई कळवळून म्हणाले.

"मग बनियान दिसू दे. विणता तर त्याच्यातच ना?"

मजकुराच्या बाबतीत त्यांची पद्धत आणखी निराळी होती. मराठी त्या स्वतः लिहीत, हिंदी आम्ही दोघे मिळून करत असू, इंग्रजी नसरीन करी. पण एकही परिच्छेद घड्यांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय साईटवर जात नसे. जेवणाच्या सुट्टीत त्या उभ्या राहून वाचायच्या आणि जिथे माणसे हसतील ते वाक्य खोडायच्या. 'आम्ही गुणवत्तेशी कधीही तडजोड करत नाही' हे वाक्य माझे होते. ते मी दोन-तीन वेळा घासून लिहिले होते. त्यावर अन्वरभाई खाली बघत म्हणाले, "बरसात में करते हैं ना, सेठ." पावसाळ्यात सुताला दिलेली खळ लवकर वाळत नाही, घाई केली की कापड उणे उतरते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. वहिनींनी माझे वाक्य काढले आणि तिथे लिहिले, 'पावसाळ्यात आमच्याकडे सुताची खळ उशिरा वाळते. त्या महिन्यांत माल थोडा उशिरा मिळेल. घाईने विणलेला देणार नाही.' मी म्हणालो, "वहिनी, आपली उणीव आपणच कशी सांगायची?" त्या म्हणाल्या, "सांगितली की ती वेळापत्रक होते. लपवली की उणीव राहते." त्या वेळी मी ते नाइलाजाने मान्य केले होते. आज ते वाक्य वाचतो तेव्हा त्या कारखान्यात मी काम करतो याचा अभिमान वाटतो.

साईट सुरू करायला वहिनींनी गुरुवारची संध्याकाळ निवडली, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीत सगळ्यांना ती घरच्यांना दाखवता येईल. कुणीतरी संगणकापुढे नारळ फोडायचा आग्रह धरला, तेव्हा "पाणी आत गेलं की नसरीन तुम्हाला फोडेल," असे सांगून त्यांनी तो उंबऱ्यावर फोडायला लावला. उद्घाटनासाठी माग थांबवावेत, भाषण ऐकू येईल, असे मी सुचवले. "माग थांबवून कसलं उद्घाटन, भाऊजी? आणि भाषण कोण करून राहिलंय?" मग त्या खडखडाटातच अन्वरभाईंनी बटण दाबले, माव्याची जिलबी वाटली गेली, आणि पाकाने चिकटलेल्या बोटांनी माणसे एकमेकांच्या फोनवर स्वतःचे हात, स्वतःचे माग शोधू लागली. बनियानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

जयपूरहून निरोप आला, की परदेशातल्या खरेदीदारांना साईट आवडली आणि त्यांनी थोडे तागे थेट मागवले आहेत. आम्ही पाठवले. काही आठवड्यांनी त्यांचे इंग्रजी पत्र पडद्यावर आले. त्यातली भाषा सभ्य होती, पण अर्थ सरळ होता. तुमच्या साईटवर आणि बिलावर ताग्याची जी लांबी लिहिली आहे, ती आमच्या मोजणीशी जुळत नाही. एकाही ताग्याची जुळत नाही. मोजमापावर विश्वास ठेवता येईल असा खुलासा मिळेपर्यंत पुढची मागणी थांबवत आहोत.

मागाहून एकेक आकडा पाहिला तेव्हा उलगडा झाला. सगळे तागे लिहिलेल्या लांबीपेक्षा जास्तच भरत होते, आणि प्रत्येक वेळी वेगळे जास्त. वडिलांनी घालून दिलेली आमची रीत अशी, की ताग्याचे माप पुरे झाले की तिथे कापणाऱ्याने आपला हात टेकवायचा आणि एक वीत सोडून पुढे कात्री लावायची. ती वीत बिलात येत नाही. गिऱ्हाइकाला कमी पडू नये म्हणून ती द्यायची, आणि दिली असे बोलायचेही नाही. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना ती ठाऊक होती. साईटवर आम्ही कारखान्याची इतकी माहिती लिहिली, पण ही एक गोष्ट लिहायचे कुणालाच सुचले नाही. जी गोष्ट बोलायची नाही, ती लिहायची कशी?

अन्वरभाईंना मी सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "जादा दिया तो भी खोट?" ते म्हणाले. त्या दिवसापासून ते रोज दारात येऊन विचारू लागले, "जवाब आया?" माग चालत होते, पण पुढच्या मालासाठी सूत मागवायचे की नाही, हे ठरवण्याचे धाडस माझ्यात नव्हते. ही मागणी गेली तर कोणते माग आधी थांबवायचे, याचा हिशेब मी मनातल्या मनात करू लागलो होतो, आणि प्रत्येक मागापुढे एक ओळखीचा चेहरा होता.

मी माझ्या पद्धतीने खुलासा लिहिला. आमच्याकडून नकळत चूक झाली, आम्ही दिलगीर आहोत, यापुढे माप अचूक कापले जाईल, अशा अर्थाचा. वहिनींनी तो वाचला आणि लाल पेन बाजूला ठेवले. पेन ठेवले म्हणजे उत्तर पुरतेच चुकले, हे नसरीनने मला मागे कधीतरी सांगितले होते.

"भाऊजी, जास्त दिल्याची माफी मागताय?"

"वहिनी, त्यांना अचूकपणा हवा आहे. वीत बंद करू. कुणाचं काय बिघडणार आहे?"

"मामंजींनी घातलेली रीत आहे म्हणून नाही म्हणत मी." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "माफी मागणं तुम्हाला सोपं जातं. समजावून सांगणं जड जातं. म्हणून तुम्ही प्रत्येक वेळी सोपं ते करता."

रागाने बोलल्या असत्या तर मी विसरलोही असतो. त्या अगदी हळू बोलल्या. इतक्या वर्षांत मला कुणी इतके नेमके वाचले नव्हते, आणि त्या वाचण्यात तिरस्कार नव्हता.

मग त्या उठल्या आणि घड्यांच्या खोलीत गेल्या. नसरीनला बोलावून घेतले. लांब मेजावर कोरा तागा पसरलेला होता. मापाच्या खुणेवर त्यांनी अंगठा टेकवला, पंजा पूर्ण ताणला आणि म्हणाल्या, "काढ फोटो." नसरीनने विचारले, "मॅडम, चेहरा घेऊ?" "चेहऱ्याने कापड मोजतात का?" त्या हातात काचेच्या दोन बांगड्या होत्या, तर्जनीवर पेनाची लाल शाई होती. नसरीन शाई पुसायला रुमाल शोधत होती, तो वहिनींनी शोधू दिला नाही.

साईटचे पहिले पान त्या दिवशी नव्याने लिहिले गेले. वर तो हात, खाली वहिनींचा मजकूर. 'लिहिलेली लांबी संपते तिथे आमच्याकडे हात टेकवतात आणि त्यापुढे कापतात. ही वीत चुकून गेलेली नाही. ती बिलात धरलेली नाही आणि परत मागितली जाणार नाही. तिचा उपयोग काय करायचा, हे घेणाऱ्याने ठरवावे.' घड्यांच्या खोलीत हे वाचले तेव्हा कुणी हसले नाही. नसरीनने इंग्रजी केले, आणि खुलासा म्हणून त्या पानाचा नुसता पत्ता पाठवला. मी लिहिलेली माफी गेली नाही.

उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्या दिवसांत वहिनींनी नसरीनकडून पानाचा रंग बदलून घेतला, परत पहिला करून घेतला आणि तिला इतके छळले की ती मला म्हणाली, "काका, मॅडमना सांगा ना, शाळा सुटली आता." घाबरल्या की त्या असे करत असाव्यात, हे मला फार उशिरा उमगले.

पत्र आले तेव्हा नसरीनने ते मोठ्याने वाचले, आधी इंग्रजीत आणि मग घड्यांच्या खोलीत सगळ्यांसमोर हिंदीत. परदेशातल्या खरेदीदारांच्या वतीने एका बाईंनी लिहिले होते, की छपाईआधी रंगाची परीक्षा घेण्यासाठी त्यांना प्रत्येक ताग्यातला तुकडा वाया घालवावा लागतो. आता तो या वितीतून काढता येईल. मागणी पुढे चालू ठेवत आहोत. फक्त एक विनंती आहे, वीत प्रत्येक वेळी एकाच हाताची असावी. अन्वरभाईंनी वहिनींकडे पाहिले. "हाथ तो फोटो में छप गया, मॅडम. अब आपही का चलेगा."

त्यांच्या हाताची वीत तेव्हापासून आमच्या कंपनीचे माप झाली. अन्वरभाईंनी मेजाच्या कडेला दोन पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या, एक अंगठ्याची आणि एक करंगळीची. चुका असल्यावर हाताची गरज नव्हती. तरीही वहिनी रोज सकाळी पहिल्या ताग्याला स्वतः हात लावून जात. "चुका हलल्याबिलल्या नाहीत ना, बघून राहिले," असे म्हणत. दुसऱ्या गावांचे विणकर अधूनमधून आमची साईट पाहून येतात, तेव्हा ते कारखाना पाहण्याआधी ते मेज पाहायला मागतात. आमच्या कारखान्यातला एकही माग त्या हंगामात कामाअभावी थांबला नाही, आणि त्यानंतरही नाही. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, याचे श्रेयही त्यांचेच.

साईटवर वहिनींचे नाव कुठेही नाही. ते घालू का, असे नसरीनने परवा विचारले. मी तिला पहिल्यांदाच चटकन 'नाही' म्हणालो... ती म्हणाली, "मॅडमपण हेच बोलल्या असत्या."

दिवसकार्य उरकून माग पुन्हा सुरू झाले त्या सकाळी मी सवयीने घड्यांच्या खोलीत गेलो. पहिला तागा मेजावर पसरलेला होता. अन्वरभाई हातात कात्री घेऊन उभे होते. समोर दोन्ही पितळी चुका होत्या, वर्षानुवर्षांच्या स्पर्शाने एक बाजू उजळलेल्या. ते कापू शकत होते. पण ते थांबले होते, आणि त्यांच्यामागे खोलीतली सगळी माणसे थांबली होती. "सेठ," ते इतकेच म्हणाले.

मी अंगठा पहिल्या चुकेवर ठेवला आणि पंजा ताणला. माझी करंगळी दुसऱ्या चुकेच्या पुढे गेली. मी बोटे थोडी आत घेतली, ती चुकेला टेकेपर्यंत. अन्वरभाईंनी वाकून पाहिले, मान हलवली आणि कात्री चालवली.